सांवेरमार्गे सॅन फ्रान्सिस्को

मावशीच्या तिकिटाची छापील प्रत मीच घेऊन गेले होते, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून काढून. रामबागेतल्या तिच्या अंधाऱ्या बैठकीत तिनं तो कागद खिडकीकडे तिरका धरला, चष्मा नाकावर पुढे ओढला आणि एकेक ओळीवर बोट ठेवत वाचला. इंदूरहून दिल्ली, संध्याकाळी. दिल्लीहून पहाटे चारला. सॅन फ्रान्सिस्कोला सकाळी साडेसातला. तारीख तीच. तिचे ओठ हलले, वजाबाकी झाली आणि ती म्हणाली, “साडेतीन तास.” मग जरा थांबून, “एवढ्यात तर आपली मुंबईची अवंतिका एक्सप्रेस रतलामच्या फार पुढे जात नाही.” काका खुर्चीत हसले, मी हसले, स्वयंपाकघरातून पोळ्या करणारी बाईही हसली. मावशी हसली नाही. “मग खरं किती?” मी सांगितलं, तिकडचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्या साडेबारा तास मागे असतं, म्हणजे साडेतीन अधिक साडेबारा, सोळा तास. तिनं औषधांच्या पाकिटावर १६ लिहिलं. “आणि उलट?” उलट म्हणजे? “अगं, तिकडून इकडे.” साधारण तेवढेच, एखादा तास इकडेतिकडे, वारा असेल तसा, असं मी म्हटलं. तिनं मान हलवली, कागदाची घडी घातली. दोन्ही प्रश्नांची उत्तरं मी बरोबर दिली होती. तरी घरी येताना, राजवाड्याजवळच्या गर्दीत रिक्षा अडकलेली असताना, तिचा चेहरा डोळ्यांपुढून जाईना. विचारलं एक आणि मिळालं भलतंच, असा तो चेहरा होता.

रात्री मग मी इंटरनेटवर दोन विमानतळांची नावं टाकली. इंदूर, सॅन फ्रान्सिस्को. उत्तर आलं, तेरा हजार किलोमीटरच्या किंचित वर, उड्डाणाचा वेळ पंधरा-सोळा तास. आमच्या बिजासनच्या धावपट्टीवरून असं कुठलंही विमान उडत नाही, याच्याशी त्या हिशेबाला कर्तव्य नसतं. सरळ अंतर घ्यायचं, ताशी आठ-नऊशे किलोमीटरनं भागायचं, चढण्या-उतरण्याचा अर्धा तास वर घालायचा, झालं. पण खालच्या नकाशातल्या रेघेनं मला थांबवलं. अमेरिका म्हटली की आमच्याकडे सगळ्यांचा हात आपोआप पश्चिमेला जातो. विमानतळही शहराच्या पश्चिमेलाच, तेव्हा त्यात कुणाला काही खटकत नाही. ही रेघ मात्र इंदुरातून निघाली ती तडक वर, उत्तरेला. जरा उजवीकडे झुकून, पण उत्तरेलाच.

माळ्यावर मुलाचा शाळेतला पृथ्वीगोल होता, धूळ खात. तो काढला, पुसला, शिवणाचा पांढरा दोरा घेतला. त्या गोलावर इंदूर नाही, भोपाळ आहे. त्याच्या डाव्या अंगाला, खाली, अंदाजानं एक टोक अंगठ्यानं दाबलं आणि दुसरं कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर. आधी हट्टानं पश्चिमेकडून ओढून पाहिलं, अरबस्तान, युरोप, अटलांटिक. दोरा लांब लागतो आणि जागेवर राहत नाही, ओढला की घसरतो. घसरू दिला तसा तो आपोआप वर सरकत ध्रुव ओलांडून पलीकडे गेला आणि एका जागी ताठ बसला. लडाख-तिबेटच्या कडेवरून, शिनजियांगच्या वाळवंटावरून, सायबेरियात क्रास्नोयार्स्कच्या जवळून, लेना नदीच्या मुखावरून आर्क्टिक समुद्रात. तिथं पंचाहत्तर अंश उत्तर अक्षांशाला टेकून दोरा पुन्हा खाली वळतो, अलास्कात जमिनीला लागतो, फेअरबँक्सजवळून जातो आणि पॅसिफिकच्या काठाकाठानं सॅन फ्रान्सिस्को. शाळेच्या भिंतीवरच्या सपाट नकाशानं माझ्या मनात जी वाट आखून ठेवली होती, तिच्यातलं एकही गाव या वाटेवर नव्हतं. ना दुबई, ना लंडन, ना न्यूयॉर्क.

मग जवळचं पाहायचा मोह झाला. इंदुरातून उत्तरेला, सोळा अंश पूर्वेकडे झुकून, म्हणजे नेमकं कुठून? उज्जैन जवळजवळ नाकासमोर उत्तरेला. देवास बरंच उजवीकडे. या दोन्हींच्या मधून जायचं, म्हणजे सांवेर. सांवेरच्या अगदी डोक्यावरून नव्हे, जरा उजवीकडून, पण इतक्या लांबच्या प्रवासात तेवढं चालायचंच.

सांवेर! मला एकटीलाच हसू फुटलं. इंदूरच्या माणसाला कारण सांगायला नको. सांवेरला उलटे हनुमान आहेत. मूर्ती डोकं खाली असलेली, शेंदराचं तोंड जमिनीकडे. लहानपणी आजी आम्हाला तिथं न्यायची, तेव्हा मी मान वाकडी करकरून मारुतीचे डोळे शोधायची आणि आजी पाठीत धपाटा घालायची. अहिरावणानं राम-लक्ष्मणाला पाताळात पळवून नेलं, तेव्हा हनुमान इथूनच खाली गेला, डोकं पुढे आणि पाय वर करून, अशी तिथली कथा. आजी ती दर वेळी नव्यानं सांगायची. पाताळात काय होतं, याचं वर्णन करताना मात्र ती थकायची. “असेल तिथं पण गाव, रस्ते, माणसं. आपल्यासारखीच, उलटी,” असं म्हणून विषय संपवायची.

आता ते वर्णन जरा मोजून पाहता येतं. पृथ्वीच्या पाठीवरून सॅन फ्रान्सिस्को तेरा हजार किलोमीटर. पण हनुमानाच्या वाटेनं, म्हणजे जमिनीच्या आतून सरळ रेषेत गेलं तर? सुमारे १०,९००. दोन हजार किलोमीटरहून जास्त वाचतात. आणि ती वाट क्षितिजाकडे जात नाही, पायाखाली जाते, उभ्या जागेवरून एकोणसाठ अंशांच्या उतारानं. माझी मावसबहीण रोज सकाळी कॉफी घेऊन बाल्कनीत उभी राहते ती आमच्या पश्चिमेला नाही, आमच्या तळपायांच्या तिरपं खाली, तिचे तळवे बऱ्याच अंशी आमच्याकडे करून. आजी फार चुकली नव्हती. अगदी नेमकं उलटं टोक हवं असेल तर ते वेगळं. इंदूरच्या बरोबर पालथ्या बाजूला दक्षिण पॅसिफिकचं पाणी आहे, सगळ्यात जवळचा ओळखीचा ठिपका म्हणजे ईस्टर बेट आणि तेही सातेकशे किलोमीटर लांब. त्या उलट्या टोकावरून कुठंही सरकलं की माणूस इंदूरच्या जवळच यायला लागतो.

याच्याही पुढची गंमत भौतिकशास्त्रवाल्यांच्या जुन्या गणितात आहे. पृथ्वी सगळीकडे सारख्या घनतेची धरली, घर्षण नाही असं मानलं आणि असा सरळ बोगदा खणून त्यात गाडी सोडून दिली, तर ती इंजिनाशिवाय, नुसत्या गुरुत्वाकर्षणानं घसरत जाऊन दुसऱ्या टोकाला पोचते. वेळ ४२ मिनिटं. आणि हा वेळ बोगद्याच्या लांबीवर अवलंबून नसतो. इंदूर ते सॅन फ्रान्सिस्को ४२ मिनिटं, इंदूर ते मुंबईही ४२ मिनिटंच. पाताळात सगळी गावं सारखीच लांब. हे मी काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी, रेल्वेच्या रतलाम मंडळात आयुष्य काढलेल्या माणसानं, पहिला प्रश्न विचारला तो असा, “आणि क्रॉसिंग कुठं?”

काकांची स्वतःची एक थिअरी आहे. पृथ्वी फिरते, तर विमानानं नुसतं वर जाऊन थांबावं, खालून अमेरिका येईल तेव्हा उतरावं. गंमत म्हणून ते बोलतात, पण अर्धं खरंही मानतात, असा मला संशय आहे. इंदूरच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,५४० किलोमीटर वेगानं पूर्वेला पळते, विमानापेक्षा कितीतरी जोरात. पण हवाही तिच्याबरोबरच पळते आणि विमान हवेत असतं. त्यामुळे थांबलेल्या विमानाखाली बिजासनची टेकडीच राहणार. फरक पडतो तो या फिरण्याच्या वर हवा स्वतःहून जी धावते तिच्यामुळे. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे पट्टे वाहतात, हिवाळ्यात ताशी दोनशे किलोमीटरच्याही पुढे. विमानाचे नऊशे हे त्या हवेच्या तुलनेत. वारा पाठीवर घेतला तर जमिनीवरून अकराशे, तोंडावर घेतला तर सातशे. २०१६ च्या ऑक्टोबरात एअर इंडियानं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली ती यामुळेच. अटलांटिकची वाट सुमारे १३,९०० किलोमीटर, पॅसिफिकची १५,३००. चौदाशे किलोमीटर जास्त उडून विमान साडेचौदा तासांत पोचलं, जवळच्या वाटेपेक्षा लवकर. आणि दोरा ताणून मोजलं तर दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को बारा हजार चारशेच्या आतच आहे! म्हणजे एकाच दोन गावांमध्ये तीन अंतरं, आणि त्यातलं सगळ्यात लांबचं सगळ्यात चटकन संपणारं.

दोऱ्याची वाट विमानं सहसा घेत नाहीत, याला वाऱ्याखेरीज कारणं आहेत. तिबेटवरून फार जायचं नाही. केबिनमधला हवेचा दाब गेला तर वैमानिकाला झटकन दहा हजार फुटांपर्यंत खाली यावं लागतं आणि तिथं तर जमीनच त्याहून उंच. आर्क्टिकवर फार वेळ राहिलं तर टाक्यांतलं इंधन थंड होत जातं, उणे ४७ अंशांच्या आसपास ते गोठू लागतं, तेव्हा तापमानावर डोळा ठेवून उडायचं. तरी जातात. जानेवारी २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूला पहिलं थेट विमान उत्तर ध्रुवाच्या मार्गानं आलं, कॅप्टन झोया अगरवाल आणि चालकदलात सगळ्या बायका. ती बातमी मावशीनं तेव्हा कापून ठेवली होती. मला त्या बातमीत वेगळंच सापडलं. उज्जैनच्या जुन्या ज्योतिर्विदांचं शून्य रेखांश लंकेवरून उज्जैनला आणि उज्जैनहून मेरूला जायचं. भास्कराचार्यांनीही ती रेषा धरली आहे. मेरू म्हणजे उत्तर ध्रुव, जिथं देवांचा एक दिवस सहा महिन्यांचा. आमचा विमानतळ त्या रेषेपासून दोन-चार किलोमीटरवर बसतो. इथल्या पंचांगकर्त्यांनी मनानं शतकानुशतकं ज्या वाटेनं मेरू गाठला, त्या मेरूच्या अंगणातून आता डेटासेंटरमध्ये नोकरी करणाऱ्या मुली आणि त्यांच्या बाळंतपणाला निघालेल्या आया जातात, पुढच्या सीटच्या पाठीला लावलेल्या पडद्यावर सिनेमा बघत.

आणि माणसांची भांडणं. २०२२ मध्ये रशियाचं आकाश युरोपीय विमानांना बंद झालं, तर हेलसिंकी–टोकियोचा साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांवर गेला. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केलं, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्यांचे तास वाढले, काही विमानं वाटेत इंधनासाठी उतरू लागली. दोन्ही वेळेला कुठलाही विमानतळ एक इंचही हलला नव्हता. जून २०२३ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं विमान इंजिनात बिघाड झाला म्हणून रशियाच्या पूर्व टोकाला मगादानला उतरलं आणि दोनशेहून जास्त माणसं तिथल्या वसतिगृहात वगैरे राहिली. हे मी मावशीला सांगितलं नाही. तिला ते आधीच माहीत होतं. तिनंच मला विचारलं, मगादानला स्वेटर पुरेल का.

हे सगळं मला आवडतं. दोरे ताणणं, कोन काढणं, वाऱ्याचे नकाशे बघणं. पण त्यात रमले असतानाच मला कळत होतं की मावशीचा प्रश्न यातल्या कशातच नाही. तिच्या “उलट” या शब्दाला मी वाऱ्याचं उत्तर दिलं होतं.

माझे आजोबा, म्हणजे मावशीचे वडील, सत्तरच्या दशकाच्या शेवटी गेले. मोठा मामा तेव्हा पुण्याला नोकरीत. तार गेली, त्या वेळी तारेत जे लिहायची पद्धत होती तेच लिहून, प्रकृती गंभीर, ताबडतोब निघा. सगळ्यांना माहीत असायचं की याचा अर्थ काय, आणि सगळे न समजल्यासारखं करायचे. पुण्याहून दौंड, मनमाड, भुसावळ करत खांडवा. खांडव्याला मोठी लाईन सोडून मीटरगेजच्या छोट्या गाडीत बसायचं. ही लाईन व्हावी म्हणून दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रजांना एक कोटीचं कर्ज दिलं होतं, हे इंदुरात कुणीही सांगेल. ती गाडी वेगासाठी कधीच प्रसिद्ध नव्हती. नर्मदा ओलांडली की घाट, कालाकुंडला मागून आणखी एक इंजिन लावायचे, मग धापा टाकत पाताळपाणी आणि महू. कालाकुंडच्या फलाटावर पानात बांधलेला कलाकंद मिळायचा. आजोबांना तो आवडायचा, म्हणून इकडे येणारा प्रत्येक जण घ्यायचा. मामानं त्याही दिवशी घेतला. घरी पोचला तेव्हा सगळं आदल्या दिवशीच आटोपलं होतं. मला आठवतं ते एवढंच, की तो अंगणात होल्डॉल न उतरवता उभा होता, कोळशाच्या धुरानं कॉलर काळी झालेली, आणि हातातलं ते पानाचं पुडकं कुणाकडे द्यावं हे त्याला कळत नव्हतं. शेवटी मावशीनं पुढे होऊन घेतलं. ती तेव्हा लग्नाची होती. तिनं ते कुठं ठेवलं, कुणी खाल्लं की गाईला घातलं, हे मी तिला कधी विचारलेलं नाही.

कुणी मामासाठी थांबलं नव्हतं, आणि त्याबद्दल कुणी कुणाला बोल लावला नाही. थांबता येण्यासारखं अंतरच नव्हतं ते. आज इंदूर–पुणे विमान तासा-सव्वा तासाचं. रेल्वेनं मात्र आपण अजूनही वळसाच घालतो. सरळ दोऱ्यानं इंदूर–मुंबई पाचशेच्या आसपास, आणि अवंतिका उज्जैन, रतलाम, वडोदरा करत आठशेच्या वर जाते. मनमाड–इंदूर नवी लाईन माझ्या लहानपणापासून “होणार” होती. सप्टेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळानं ३०९ किलोमीटरला आणि १८ हजार कोटींवर खर्चाला मंजुरी दिली, तेव्हा काकांनी पेपर खाली ठेवून म्हटलं, “चला, म्हणजे आता नातवंडं वाट बघतील.”

आता थांबतात. हा बदल कधी झाला ते सांगता येणार नाही, पण आमच्या कॉलनीत माझ्या डोळ्यांदेखत झाला. कुणी गेलं की डॉक्टरांच्या दाखल्यानंतरचा पहिला प्रश्न, मुलगा कुठं असतो? मग बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेली माणसं, आयुष्यात विमानात न बसलेलीसुद्धा, तास मोजायला लागतात. टोरोंटो असेल तर इतके, सिडनी असेल तर तितके. दुबई असेल तर सगळे सुटल्यासारखे पाठीमागे टेकतात, संध्याकाळपर्यंत येईल म्हणून. कुणीतरी शवागाराची चौकशी करतं. घरात चूल पेटवायची नाही, तर दोन दोन दिवस शेजारून चहा-खिचडी जाते, आणि रडण्यालाही एक विचित्र मधली सुट्टी मिळते. मागच्या जानेवारीत एका घरी सगळं असंच थांबलं होतं. मुलगा अर्धी पृथ्वी वेळेवर ओलांडून दिल्लीला आला आणि धुक्यात इंदूरचं विमान रद्द झालं. शेवटचे साडेसहाशे किलोमीटर उरले होते. थोरल्यांनी ठरवलं की आणखी नको. मुलानं दिल्लीच्या विमानतळावरून फोनच्या पडद्यावर पाहिलं आणि मग टॅक्सी करून रात्रभर आला. तो आला तेव्हा मला मामाची कॉलर आठवली. याची पांढरी होती, इस्त्रीची.

यातलं बरं काय आणि वाईट काय, हे मला ठरवता येत नाही. मामाला निदान रस्ताभर आशा होती. याला सगळं दिसत होतं.

मावशीला ते मोजायचं होतं, हे मला दोन दिवसांनी काकांच्या तोंडून कळलं. काकांचं हृदय गेली काही वर्षं कुरकुरतं. त्यांना एवढा लांबचा प्रवास डॉक्टरांनी मना केला आहे आणि त्याचं त्यांना मुळीच दुःख नाही. मावशी मात्र मुलीच्या बाळंतपणाला जावं की काकांजवळ राहावं, यात महिनाभर अडकलेली. शेवटी तिकीट काढलं, आणि आता तिला हवं होतं ते विमानाचं अंतर नव्हतं. फोन आल्यापासून रामबागेच्या दारात पाय ठेवेपर्यंत किती, हे तिला हवं होतं. काकांनी ते तिला करून दिलं. जुन्या सवयीनं, औषधांच्या त्याच पाकिटावर, वेळापत्रकासारखे रकाने आखून. थेट विमान दिवसाला फार तर एक, ते नुकतंच सुटलेलं असेल तर तिथंच जवळजवळ एक दिवस. विमानतळावर आधी तीन तास. आकाशात सोळा-सतरा. दिल्लीत सामान, शिक्के, टर्मिनल, पुढच्या विमानाची वाट, पाच-सहा धर. दिल्ली–इंदूर दीड तास. विमानतळावरून घरी, गणपतीचे दिवस असतील तर एक तास, नाहीतर अर्धा. बेरीज करून त्यांनी खाली रेघ मारली, “दीड दिवस. दोन म्हण.” आणि त्याच आवाजात पुढे, “चोवीस तासांवर मला ठेवायचं नाही. मुक्तिधाम इथं पायी अंतरावर आहे, कुणाला टॅक्सीसुद्धा लागणार नाही.”

मावशी उठून आत गेली आणि आतून बराच वेळ भांड्यांचे आवाज आले.

काका मला म्हणाले, “बघ, मी फक्त अंतर सांगितलं.” मला त्यांचा रागही आला आणि हेवाही वाटला. मी एवढे दोरे ताणले होते, पण तिच्या कामाचं एकच कोष्टक तयार झालं आणि ते यांनी केलं, तेही कंट्रोल रूममध्ये मालगाडीला लाईन द्यावी इतक्या सहज. दुसऱ्या दिवशी मावशीनं मला तिकीट बदलायला सांगितलं. परतीची तारीख ऐनवेळी हलवता येईल असं, जास्त पैशांचं. काकांनी रक्कम ऐकली आणि कुरकुरले, एवढ्यात सगळं घर मुंबई बघून आलं असतं. “मुंबईला माझं कोण आहे?” मावशी म्हणाली आणि कपाटातून पैसे काढून माझ्या हातावर ठेवले. अंतर कमी करण्याचे एवढेच मार्ग साध्या माणसाच्या हातात असतात, आणि ते स्वस्त नसतात.

ती गेली, पोचली, बाळ झालं. काका ठणठणीत आहेत, गोळ्या वेळेवर घेतात की नाही हे तिकडून रोज विचारलं जातं. तिच्या खोलीत दोन घड्याळं आहेत, एक तिकडचं आणि एक “घरचं”. मला मात्र या प्रकरणानं एक खोड लागली आहे. मी गावं तासांत मोजते. २०१९ मध्ये इंदूरहून दुबईला थेट विमान सुरू झालं, साडेतीन तासांच्या आसपास, म्हणजे दुबई आम्हाला खांडव्याइतकी जवळ आली. आमचं कुलदैवत गुहागरचा व्याडेश्वर. तिथं शेवटचं कधी गेलो, हे घरात कुणालाही नक्की सांगता येत नाही. दर वर्षी जायचं ठरतं आणि दर वर्षी कुणीतरी म्हणतं, फार लांब पडतं हो. नाशिकचे, पुण्याचे आमचे चुलत लोक याला हसतात. त्यांना इंदूरची लांबी ठाऊक नाही. रात्रभर अवंतिका, मुंबईत स्टेशन बदलायचं, कोकण रेल्वेनं चिपळूण, तिथून बसनं गुहागर, आणि मधली प्रत्येक गाडी आपली वेळ पाळेल अशी श्रद्धा. व्याडेश्वर सरळ रेषेत सहाशेच्या घरात असेल, पण गाडी सरळ रेषेत जात नाही.

यंदा दिवाळीनंतर जायचंच असं ठरलंय. काकाही येतो म्हणतात, डॉक्टरांनी फक्त विमानाचं सांगितलंय, रेल्वेला कोण अडवतंय, असा त्यांचा युक्तिवाद. काल मावशीचा फोन आला तेव्हा त्यांनी तिला हा बेत सांगितला, अर्थात रकान्यांसकट, गाडी क्रमांक, सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ, चिपळूणला दीड तास मोकळा. तिनं सगळं ऐकून घेतलं. मागे बाळ रडत होतं.

“म्हणजे एकूण किती?” तिनं विचारलं.

“सव्वीस-सत्तावीस तास धर,” काका म्हणाले.

“मग मीच इथून निघते,” मावशी म्हणाली. “तिथंच भेटू.”